मिशीचं टोक टेकतं, पण कळतं मुळाशी: प्राण्यांच्या मिशा आणि रोबोंचे स्पर्श-सेन्सर

प्रश्न असा आहे: मांजर-उंदरांना मिशांनी स्पर्श नेमका कसा कळतो, आणि रोबोंना कॅमेरे, लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) सगळं असताना कृत्रिम मिशा लावण्याचा खटाटोप कशासाठी? विचारणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि त्याला असा सेन्सर स्वतः बनवून पाहायचा आहे. मी बरीच वर्षं रोबोंच्या स्पर्श-सेन्सरांवर काम करतो, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी मुद्द्याचं सांगतो. मिशीच्या केसाला स्वतःला काहीही कळत नाही. कळतं ते मुळाला, आणि मुळालाही नीट कळतं ते मिशी हलत असेल तेव्हा. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं सगळं लक्ष काडीवर असतं: कुठली तार घ्यावी, किती लांब, किती जाड. काडी महत्त्वाची आहेच, पण नुसती काडी आणि खाली एक स्विच एवढंच केलं तर 'लागलं' किंवा 'नाही लागलं' यापलीकडे काही हाती येत नाही. उंदीर त्याच मिशीने वस्तू किती लांब आहे, कुठल्या उंचीवर आहे, खरखरीत आहे की गुळगुळीत, हे सगळं अंधारात ओळखतो. तो हे कसं करतो, ते समजलं की रोबोमध्ये काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आपोआप ठरतं.

घरात मांजर असेल तर कधीतरी गळून पडलेली मिशी सापडते. ती टाकू नका. बुडाशी जाड आणि ताठ, आणि टोकाकडे इतकी बारीक होत जाते की नेमकी कुठे संपली ते डोळ्यांना दिसत नाही. बुडाकडून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरा, डोळे मिटा आणि टोक आधी काचेवरून, मग पॉलिश पेपरवरून ओढा. फरक चिमटीत स्पष्ट जाणवतो. नखं ज्या केरॅटिनची असतात त्याच केरॅटिनची ही मिशी. तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. टोकाशी जे घडलं ते वाक आणि थरथर बनून बुडापर्यंत आलं, आणि कळलं ते तुमच्या बोटांना. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीचं काम असंच चालतं: फरशी बदलली हे काठीला कळत नाही, काठी धरणाऱ्या हाताला कळतं.

मांजराच्या किंवा उंदराच्या गालात या हाताची जागा केसाचं मूळ घेतं. साध्या केसाच्या मुळापेक्षा हे मूळ कितीतरी मोठं असतं. त्याला बाहेरून चिवट आवरण, आत रक्ताने भरलेली पोकळी, आणि त्या पोकळीत केसाभोवती मज्जातंतूंच्या टोकांची दाट वस्ती. उंदराच्या एका मोठ्या मिशीच्या मुळाशी साधारण दीडशे ते दोनशे मज्जातंतू येतात. सीलच्या (हा मासा नव्हे, समुद्री सस्तन प्राणी) एकेका मिशीच्या मुळाशी तर हजाराहून जास्त. या टोकांमध्ये कामाची वाटणी असते. मर्केल नावाच्या स्पर्श-पेशींशी जोडलेले तंतू मिशी वाकलेली असेपर्यंत संदेश देत राहतात; भालाकार टोकांचे काही तंतू फक्त बदल घडला त्या क्षणी बोलतात आणि गप्प होतात. शिवाय बऱ्याच तंतूंची एक आवडती दिशा असते. मिशी त्या बाजूला वाकली तर ते जोरात बोलतात, उलट बाजूला वाकली तर फारसे बोलत नाहीत. म्हणजे एकाच मुळाशी किती वाकली, कुठल्या दिशेला आणि किती वेगाने, ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या तारांवरून एकाच वेळी निघतात. रोबोसाठी सेन्सर निवडताना हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या तारा ट्रायजेमिनल नावाच्या पाचव्या कपाल-मज्जातंतूतून मेंदूत जातात. तिथलं चित्र विलक्षण आहे. १९७० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस यांनी छोट्या उंदराच्या मेंदूच्या बाह्यकाचे (बाहेरच्या थराचे) काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींचे पिंपाच्या आकाराचे गट ओळीने मांडलेले दिसले. गालावर मिशांच्या पाच मुख्य ओळी, मेंदूतही पिंपांच्या तशाच पाच ओळी. प्रत्येक मोठ्या मिशीला तिचं स्वतःचं पिंप. नवजात पिल्लाच्या काही मिशांची मुळं काढली तर मेंदूत त्या मिशांची पिंपं तयारच होत नाहीत, हेही त्याच दोघांनी १९७३ साली दाखवलं. कुठली मिशी टेकली याचा हिशेब मेंदू किती काटेकोर ठेवतो, ते यावरून कळतं.

आता हालचाल. माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव इथे आहे. घरातला उंदीर किंवा प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर नवीन जागेत सोडला की त्याच्या मिशा सेकंदाला साधारण पाच ते बारा वेळा पुढे-मागे फिरतात. याला व्हिस्किंग म्हणतात. त्यासाठी प्रत्येक मोठ्या मिशीच्या मुळाला वेढा घालणारा स्वतंत्र स्नायू असतो. मांजर असं लयीत व्हिस्किंग करत नाही, पण शिकार तोंडाशी आली की मिशा पुढे वळवतं.

हे फिरवणं आंधळेपणाने होत नाही. शेफिल्ड विद्यापीठातल्या टोनी प्रेस्कॉट आणि बेन मिचिन्सन यांच्या गटाने वेगवान कॅमेऱ्याने उंदरांचं चित्रण केलं. एका बाजूची मिशी भिंतीला लागली की त्या बाजूच्या मिशा पुढे जाणं लगेच आवरतं घेतात, आणि दुसऱ्या बाजूच्या मिशा आणखी पुढे पसरतात. प्रत्येक मिशीचा स्पर्श हलका राहावा, आणि तरी जास्तीत जास्त मिशा वस्तूपर्यंत पोचाव्यात, असा हा डाव आहे. मिशी जोरात दाबली तर ती खूप वाकते, आणि मग तिच्या वाकण्यातून नेमकं काही वाचता येत नाही. हलका स्पर्श जास्त सांगतो.

वस्तू कुठे आहे, हे उंदीर तीन वेगळ्या हिशेबांनी काढतो. वर-खाली किती? ते कुठल्या ओळीतली मिशी टेकली यावरून. पुढे-मागे किती? मिशी फिरण्याच्या चक्रात नेमकी केव्हा टेकली यावरून. मुळाशी काही तंतू नुसत्या फिरण्याचे संदेश देतात, काही फक्त टेकण्याचे, आणि या दोन्हींच्या वेळा जुळवल्या की कोन मिळतो. गालापासून किती लांब? हे सगळ्यात अवघड, आणि इंजिनिअरच्या दृष्टीने सगळ्यात सुंदर.

समजा सगळीकडे सारख्या जाडीची काडी आहे आणि ती बुडाशी फिरवली जाते आहे. ती एका खुंटीला टेकली. त्यानंतर बूड आणखी थोडं फिरवलं तर काडी वाकेल आणि बुडाशी बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा पीळ, तयार होईल. खुंटी जवळ असेल तर तेवढ्याच फिरण्याला मोमेंट मोठा, लांब असेल तर लहान. कँटिलिव्हर बीमचं (एकाच टोकाला धरलेल्या दांडीचं) साधं गणित करा: अंतर म्हणजे काडीच्या ताठपणाची तिप्पट, गुणिले टेकल्यानंतर फिरलेला कोन, भागिले मोमेंट. अंतर निम्मं झालं की तेवढ्याच कोनाला मोमेंट दुप्पट. म्हणजे बुडाशी एक कोन आणि एक मोमेंट मोजता आला तर टोकाशी काहीही न बसवता अंतर कळतं. कॅमेरा नाही, लेझर नाही.

प्राण्याची मिशी मात्र सारख्या जाडीची नसते. ती निमुळती असते, आणि वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. मिशी सरळ शंकूसारखी धरली तर मध्यावर व्यास निम्मा, म्हणजे तिथला ताठपणा बुडाच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच. परिणाम असा की बुडाजवळ टेकणं आणि टोकाजवळ टेकणं यांत सारख्या जाडीच्या काडीपेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो, आणि अंतर ओळखणं सोपं जातं. दुसरा फायदा म्हणजे निमुळतं टोक अडथळ्याला अडकून बसत नाही; वाकून निसटतं आणि पुढे जातं. नायलॉनची सारख्या जाडीची दोरी मिशी म्हणून लावली की ती खाचेत अडकते, हे ज्याने करून पाहिलंय त्याला निमुळतेपणाची किंमत पटते.

पोत ओळखण्याची रीत वेगळी. टोक खरखरीत पृष्ठभागावरून ओढलं जातं तेव्हा ते एकसारखं सरकत नाही. क्षणभर अडकतं, वाकतं, सुटून उडी मारतं, पुन्हा अडकतं. प्रत्येक उडीचा झटका मुळापर्यंत येतो, आणि बदलावरच बोलणारे ते तंतू इथे कामाला येतात. झटके किती दाट आणि किती जोराचे, यावरून पोत ठरतो. जॉर्ज कार्व्हेल आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९० साली दाखवलं की ९० मायक्रोमीटर अंतराने असलेल्या फक्त ३० मायक्रोमीटर खोल चरांचा पृष्ठभाग आणि गुळगुळीत पृष्ठभाग यांतला फरक उंदीर नुसत्या मिशांनी ओळखतात. माणूस हेच काम बोटाच्या टोकाने करतो. उंदीर ते एका मेलेल्या केसाच्या आधाराने करतो, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता रोबोंकडे येऊ. झुरिकमधल्या एका गटाने २००३ च्या सुमारास उंदराच्या खऱ्याखुऱ्या मिशा छोट्या कंडेन्सर मायक्रोफोनच्या पडद्यावर चिकटवल्या आणि पोत ओळखणारा रोबो केला. मायक्रोफोन हा थरथर टिपायला उत्तम, पण मिशी नुसती वाकून स्थिर राहिली तर तो गप्प. म्हणजे वर सांगितलेल्या दोन प्रकारच्या तंतूंपैकी एकच प्रकार हाती आला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मित्रा हार्टमन आणि जोसेफ सॉलोमन यांनी दुसरी बाजू धरली. त्यांनी स्टीलच्या मिशांच्या बुडाशी स्ट्रेन गेज (ताण पडला की विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या) बसवले आणि एका घडवलेल्या चेहऱ्यावरून मिशा फिरवत फक्त मोमेंटच्या मोजमापातून त्या चेहऱ्याचा त्रिमितीय आकार उभा केला. २००६ साली ते 'नेचर'मध्ये आलं. बीमचं जे गणित वर सांगितलं, त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

शेफिल्ड आणि ब्रिस्टलच्या गटांनी पुढचं पाऊल टाकलं: व्हिस्करबॉट, मग स्क्रॅचबॉट, मग श्र्यूबॉट. त्यांच्या रोबोंच्या मिशा प्राण्यासारख्या फिरतात, आणि टेकल्यावर आपली हालचाल बदलतात. श्र्यूबॉटचा आदर्श होता इट्रुस्कन श्र्यू, दोनेक ग्रॅम वजनाचा, वजनाने जगातल्या सगळ्यात लहान सस्तन प्राण्यांपैकी एक, आणि अंधारात मिशांच्या जोरावर रातकिड्यांची शिकार करणारा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीच्या कडेकडेने तुरुतुरु पळणारी, चिकचिक आवाज करणारी चिचुंद्री याच प्रजातीगटातली, सन्कस वंशातली. लोक तिला उंदीर समजून मारतात. ती उंदीर नाहीच, ती कीटक खाते. पुढच्या वेळी दिसली तर तिचं सतत हलणारं लांब नाक आणि त्यावरच्या मिशा जरा थांबून पाहा.

आता तुमच्या प्रयोगाबद्दल. आज घरी करता येण्याजोगी रचना अशी: काडीच्या बुडाशी एक लहान निओडायमियम मॅग्नेट, काडी आणि मॅग्नेट धरणारा सिलिकॉन रबरचा पडदा, आणि त्याखाली एक-दोन मिलिमीटरवर तीन अक्षांचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप. काडी वाकली की मॅग्नेट कलतो आणि सेन्सरला तिन्ही दिशांतला बदल दिसतो. दोन अक्ष वाकण्याची दिशा सांगतात, तिसरा काडी टोकाकडून आत दाबली गेली का ते सांगतो. ब्रिस्टल-शेफिल्डच्या मिशाही मॅग्नेट आणि हॉल सेन्सर याच तत्त्वावर आहेत. स्वस्त आहे, छोटं आहे, आणि सेन्सरला काडीचा प्रत्यक्ष धक्का लागत नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळा. काडीसाठी पियानो वायर घेण्याचा मोह होतो, पण ती स्टीलची असते आणि मॅग्नेटजवळ चुंबकीय क्षेत्र बिघडवते. नायटिनॉलची (निकेल-टायटेनियमच्या मिश्रधातूची) तार घ्या. ती बरीच वाकवली तरी सरळ होते. निमुळती काडी हवी असेल तर रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर काढा. लोखंडी पाइप किंवा यंत्रांच्या आसपास काम असेल तर हॉल सेन्सरचा नाद सोडा आणि स्ट्रेन गेज वापरा, कारण जवळचं लोखंड क्षेत्र ओढून घेतं आणि न टेकताच 'टेकलं' असं दिसतं. मोटर शक्य तितकी लांब ठेवा. सेन्सर सेकंदाला किमान हजार वेळा वाचा, नाहीतर पोताचे झटके निसटतील.

सिलिकॉनचा एक स्वभाव आहे: दाबून सोडलं की ते लगेच पूर्ण मूळ जागी येत नाही, आणि तापमानानेही शून्य सरकतं. इथे व्हिस्किंग उपयोगी पडतं. मिशी सतत फिरत असेल तर प्रत्येक फेरीत काही काळ ती हवेत मोकळी असते. त्या मोकळ्या वेळेतलं वाचन नवं शून्य धरा. स्थिर मिशीला ही सोय नाही. टेकलेली असताना शून्य सरकलं की सांगता येत नाही ते स्पर्शाने झालं की उष्णतेने. मला विचाराल तर रोबोच्या मिशा फिरत्या ठेवण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

फिरवण्याची किंमतही आहे. मिशी जोरात फिरते तेव्हा स्वतःच्या जडत्वानेच वाकते, आणि सेन्सरला तेही स्पर्शासारखंच दिसतं. रोबो मग काहीही नसताना एकदम थबकतो, नाक वळवतो, हवेतल्या खोट्या वस्तूचा शोध घेतो. ब्रिस्टल-शेफिल्डच्या मंडळींनी त्यावर अनुमस्तिष्काच्या (हालचाली सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या) रचनेवरून घेतलेलं अॅडॅप्टिव्ह फिल्टर वापरलं: मोटरला दिलेल्या आज्ञेवरून मिशी मोकळी असती तर काय वाचन आलं असतं याचा अंदाज बांधायचा, आणि तो खऱ्या वाचनातून वजा करायचा. उरतं ते स्पर्शाचं. तुम्ही सुरुवातीला इतकं करू नका. मोकळ्या हवेत मिशी बराच वेळ फिरवा, प्रत्येक कोनाला सरासरी वाचन काढा, आणि ते वजा करा. बहुतेक खोटे स्पर्श तिथेच जातात.

अंतराचं कॅलिब्रेशन, म्हणजे वाचन आणि खरं अंतर यांची जुळणी, करताना सूत्रावर विसंबू नका. खुंटी वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून प्रत्येक ठिकाणी मोजा आणि त्यातून वक्र बसवा. काडी तुम्ही समजता तितकी एकसारखी कधीच नसते.

पाण्यात मात्र उंदराचा धडा चालत नाही. तिथे गुरू सील. जर्मनीत गुइडो डेनहार्ट यांच्या गटाने डोळे झाकलेल्या सीलना छोट्या पाणबुडीच्या मागे सोडलं. पाणबुडी पुढे निघून गेलेली असायची, तरी सील तिच्या मागे पाण्यात राहिलेल्या खळबळीचा माग काढत जायचे. मिशा झाकल्या की माग हरवायचा. २००१ साली हे 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. हे सील मिशा फिरवत नाहीत, पोहताना पुढे ताणून धरतात. पण कुठलीही काडी पाण्यात पुढे नेली की तिच्या मागे भोवरे सुटतात आणि ती थरथरते. मग माशाची खळबळ ऐकू कशी यावी? हार्बर सीलच्या मिशीचा छेद चपटा असतो आणि लांबीभर ती नागमोडी, कमी-जास्त जाडीची असते. त्यामुळे भोवरे एका लयीत सुटत नाहीत आणि तिची स्वतःची थरथर जवळजवळ विरते. एमआयटीत हेदर बीम आणि मायकेल ट्रायंटाफिलू यांनी या आकाराची मोठी प्रतिकृती पाण्यात ओढून पाहिली: मोकळ्या पाण्यात शांत, पण पुढच्या वस्तूने सोडलेल्या भोवऱ्यांत शिरली की त्यांच्या तालावर हलते. उंदराच्या रोबोत जे काम सॉफ्टवेअरने करावं लागतं, ते इथे केसाचा आकारच करून टाकतो.

आता कॅमेरे असताना हे कशाला? मोकळ्या खोलीत दिवसाउजेडी फिरणाऱ्या रोबोला मिशांची गरज नाही, हे मी सरळ सांगतो. पण धुरात, धुळीत, गढूळ पाण्यात, पाइपाच्या आत कॅमेरा आंधळा होतो. लायडारला काच आणि आरसे चकवतात. रोबोचा हात वस्तू उचलायला गेला की शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये त्याचा पंजाच कॅमेऱ्याच्या आड येतो, आणि नेमक्या तिथे हलक्या स्पर्शाची गरज असते. छोट्या ड्रोनवर मिशीसारखे सेन्सर लावून वाऱ्याचा झोत मोजण्याचे प्रयोगही झालेत. उंदीरही वाऱ्याची दिशा मिशांनी ओळखतात, हे हार्टमन यांच्याच गटाने २०१६ साली दाखवलं. तोटेही खरे आहेत: पल्ला मिशीच्या लांबीएवढाच, आणि मोठी जागा चाचपायला वेळ लागतो.

आणि मिशा तुटतात. प्राण्यांच्याही गळतात, पण उंदराच्या मुळात जुनी मिशी जागेवर असतानाच शेजारून नवी वाढत येते, आणि नवी जवळजवळ पूर्ण लांबीची झाल्यावरच जुनी पडते. त्या जागी पोकळी राहत नाही. (यावरून आठवलं, मांजराच्या किंवा घोड्याच्या मिशा शोभेसाठी कापू नका. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जुलै २०२१ पासून अशा कापलेल्या मिशांच्या घोड्यांना स्पर्धेत बंदी केली आहे.) रोबोत काडी, मॅग्नेट, पडदा आणि सेन्सर यांचं एकच सुटं मोड्यूल करा, जे काढून दुसरं लावता येईल. प्रत्येक मोड्यूलच्या बोर्डावर छोटी मेमरी चिप ठेवा आणि त्या मिशीचं कॅलिब्रेशन तिच्यातच साठवा, म्हणजे मिशी बदलली की तिचा हिशेबही तिच्यासोबत येईल. पहिल्या प्रयोगाला एकच मिशी घ्या, एका सर्व्होवर (हव्या त्या कोनात फिरवता येणाऱ्या मोटरवर) बसवा, समोर एक खुंटी ठेवा आणि डोळ्यांना न विचारता तिचं अंतर काढून दाखवा. ते जमलं की दुसरी मिशी जोडा.